अनुभव लिहा: मॅक्स, त्याचे राक्षस आणि आपली मुलं

मॉरिस सेंडॅकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३) काल लेकीला पहिल्यांदा वाचून दाखवलं. लांडग्याचा पोशाख घालून धिंगाणा घालणारा मॅक्स आईला म्हणतो, मी तुला खाऊन टाकीन. मग न जेवताच त्याची खोलीत रवानगी, तिथे उगवणारं जंगल, होडी, शेवटी राक्षसांचं बेट. पिवळे डोळे आणि नख्या बघून लेक बिचकेल म्हणून मी तयारीत होते. तिनं राक्षसांना गुड नाइट केलं आणि विचारलं, "पण त्याची आई कुठंय?" पुस्तक पुन्हा चाळलं. खरंच, आई एकाही चित्रात नाही!

तुमच्याकडे काय झालं? मुलांचं लिहा, स्वतःच्या लहानपणीचंही लिहा. परीक्षणं नकोत, ती पुष्कळ आहेत.

*

आमचे चिरंजीव रात्री हे पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवायला लावतात, वर उशी दाबून. सकाळी डोळे उघडले की आधी ते आणायचं. भीती वाटते, पण विरह सोसवत नाही.

*

यातली चित्रं कशी वाढत जातात पाहिलंत का? सुरुवातीला भोवती भरपूर पांढरी जागा सोडलेलं छोटंसं चित्र. जंगल वाढतं तसं चित्रही पसरतं आणि धुडगूस सुरू झाला की सलग तीन जोडपानं नुसती चित्रं, एक शब्द नाही. वाचणाऱ्याची पंचाईत! माझे बाबा तिथे मांडीवर ताल धरायचे, आम्ही पलंगावर उड्या. आता मी ताल धरतो. फरक इतकाच, की गुडघे लवकर कुरकुरतात.

*

सेंडॅकला आधी रानटी घोड्यांची गोष्ट करायची होती, पण घोडे जमेनात. मग त्यानं राक्षस काढले ते ब्रुकलिनच्या घरी रविवारी येणाऱ्या आपल्या मामा-मावश्यांवरून. वेडेवाकडे दात, गालगुच्चे, वर 'खाऊन टाकू का तुला' असं लाडानं म्हणणं. हे कळल्यावर मी एकटीच खूप हसले. माझ्या एका आत्याबाई नेमक्या अश्शाच होत्या, त्या आल्या की मी पलंगाखाली. प्रेमानंच म्हणायच्या हो, पण चार वर्षांच्या पोरीला ते कसं कळावं?

*

जरा उलटा अनुभव. आमच्या मुलीला खोलीत झाडं उगवतात तेच पान सहन झालं नाही. राक्षस चालले, पण स्वतःच्या खोलीच्या भिंती नाहीशा होणं नाही चाललं. चार रात्री दिवा चालू ठेवून झोपली. पुस्तक माळ्यावर गेलं. वर्षभरानं तिनंच मागितलं आणि ते पान बोटानं झाकून ऐकलं.

धागा काढणाऱ्या ताईंच्या लेकीला सांगा, तिची शंका मोठ्यांनाही पडली होती. १९६९ मध्ये ब्रुनो बेटेलहाइम या मानसशास्त्रज्ञानं हाच आक्षेप घेतला: आईनंच उपाशी झोपायला पाठवणं मुलाला फार भयंकर वाटेल. फक्त त्यानं पुस्तक वाचलेलं नव्हतं. तिनं निदान ऐकलं तरी होतं.

*

मॅक्स घरी परततो तेव्हा खोलीत त्याचं जेवण ठेवलेलं असतं. मी त्यानंतरच्या शेवटच्या पानाबद्दल लिहिते. तिथे चित्र नाही, नुसती एक ओळ: जेवण अजून गरम होतं. संपादिकेला म्हणे 'कोमट' हवं होतं, सेंडॅक 'गरम'वर अडून बसला. माझ्या मुलाला ते पटेना. येता-जाता मिळून मॅक्सचा प्रवास जवळजवळ दोन वर्षांचा, जेवण गरम राहीलच कसं? मी स्वप्न, कल्पना वगैरे समजावत बसले. दारात माझी आई उभी होती, दुखरी कंबर धरून. म्हणाली, "अरे, तिनं मधे दोनदा गरम करून ठेवलं असेल."