.३७५ ला झीरो कुठे ठेवायचा, शंभर की दोनशे?

जोबर्गकर
इथल्या मंडळींशी मागच्या वर्षापासून हा वाद घालतोय, आज सगळं एकदाच लिहून काढतो. माझ्याकडे .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) काडतुसाची, मोठ्या जनावरांसाठीची रायफल आहे, ३०० ग्रेन (साधारण १९ ग्रॅम) वजनाची गोळी, वेग साधारण ७७० मीटर सेकंदाला, वर स्कोप. माझं म्हणणं सरळ आहे, मोठ्या बोअरची रायफल १०० मीटरलाच झीरो करावी, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमाच्या जागी बसेल असा स्कोप लावावा. "२०० ला कर म्हणजे लांबचंही मिळेल" हा सल्ला मला पहिल्याच वर्षी मिळालेला आणि मी तो ऐकला, त्याचं काय झालं ते सांगतो.

जुलैमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या लिंपोपोत केप बफेलोवर, म्हणजे तिकडच्या रानम्हशीवर, गेलो होतो. तिकडे तो हिवाळा, गवत बसलेलं असतं, तरी मोपानेच्या झाडीत साठ मीटरच्या पलीकडे काही दिसत नाही. पहाटेपासून माग काढत साडेदहाला कळपाजवळ पोचलो. पीएचने (सोबतच्या व्यावसायिक शिकारी वाटाड्याने) तिकाटणं, म्हणजे रायफल टेकवायच्या तीन काठ्या, लावलं, मी रायफल ठेवली, दम लागलेला, नर तिरका उभा. पुढच्या पायाच्या रेषेत खालून एक तृतीयांश उंचीवर नेम धरायचा हे पाठ होतं आणि तिथेच धरला. पण त्या अंतरावर माझी गोळी आधीच पाच सेंमी वर चाललेली आणि तिच्यात माझ्या श्वासाची भर पडली. हृदय चुकलं, फुप्फुसाचा वरचा भाग लागला. पाच तास माग काढला. पहिला तासभर रक्त चांगलं होतं, मग पानांवर मोहरीएवढे थेंब, मग तेही नाहीत. दुपारी साडेतीनच्या सुमारास काटेरी झुडपात तो आमच्याकडे तोंड करून उभा होता. संपवला पीएचने. त्या जनावराचे ते पाच तास माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आता रायफल १०० ला आहे. आकडे बघा, ५० ला गोळी रेषेवर, १०० ला रेषेवर, १५० ला पाचसहा सेंमी खाली. म्हणजे जिथे मी खरोखर चाप ओढणार तिथे डोक्यात हिशोबच नाही. बोला.

वाळवंटी
जोबर्गकर, अनुभव वाचून वाईट वाटलं पण निष्कर्ष पटला नाही. मी नामिबियात विंडहुकजवळ राहतो, आमच्याकडे मोपानेची दाट झाडी नाही, उघडं माळरान आहे. गेम्सबॉक (लांब सरळ शिंगांचं मोठं हरीण) तुम्हाला दोनशेच्या आत येऊ देत नाही, तुम्ही कितीही रांगत जा. १०० चा झीरो घेऊन माझा मेहुणा गेल्या वर्षी आलेला. २०० मीटरवर उभं जनावर, त्याची गोळी तिथे सोळासतरा सेंमी खाली जाते, हे त्याला माहीत होतं. "थोडं वर धरतो" म्हणाला. थोडं म्हणजे किती? वीतभर? चार बोटं? त्या क्षणी कोणाला आठवतं! पुढचा पाय मोडला आणि जनावर गेलं, संध्याकाळपर्यंत शोधलं, सापडलं नाही. रक्त सांडलं की जनावराची फी भरावी लागतेच, पण पैशाचं सोडा, तो दोन दिवस जेवला नाही नीट.

माझी .३७५ २०० मीटरला झीरो आहे. १०० ला आठ सेंमी वर, ५० ला साडेचार. म्हशीच्या छातीचा नाजूक भाग वीतभर तरी आहे, मध्यावर धरा, ५० पासून २०० पर्यंत कुठेही बाहेर जात नाही. तुमची चूक झीरोची नव्हती, दम खाल्ला नाही ही होती. थकल्यावर तिकाटण्यावरसुद्धा हात दहा सेंमी हलतो.

जोबर्गकर
@वाळवंटी हात दहा सेंमी हलतो हेच तर मी म्हणतोय ना. हात हलणारच, धावलात, घाबरलात की हलणारच, म्हणून तर रायफलने स्वतःच्या वतीने आणखी पाच सेंमी घालू नयेत. दोन चुका एकाच बाजूला गेल्या की जनावर जखमी होतं. आणि "मध्यावर धरा" म्हणता, पण म्हशीचं हृदय मध्यावर नसतं हो, खाली असतं. मध्यावर धरून वर आठ सेंमी म्हणजे तुम्ही मुद्दामच फुप्फुसाच्या वरच्या अर्ध्याकडे चाललात. गेम्सबॉकसाठी तुमचं बरोबर असेल, त्यात भांडण नाही. पण मग ती रायफल गेम्सबॉकची झाली, म्हशीची नाही.

पलटणवाले काका
दोघांचंही वाचलं. मी पायदळात होतो, आता पुण्यात निवृत्त आहे. शिकार कधी केली नाही, १९७२ च्या कायद्यानंतर आपल्याकडे तो विषय संपलाच आणि संपला ते बरंच झालं. पण रायफल आयुष्यभर हाताळली आहे. वाळवंटी सांगतात ती पद्धत लढाईतली आहे, साईट एका लांबच्या पल्ल्यावर ठेवायची आणि मधल्या सगळ्या अंतरावर छातीच्या मध्यावर मारायचं, गोळी शरीरात कुठेतरी बसते. सैनिकाला ते पुरतं, कारण समोरचा जायबंदी झाला तरी काम झालं. शिकाऱ्याचं काम नेमकं उलटं आहे ना? जखमी करून सोडणं हीच तर त्याची सगळ्यात मोठी चूक. म्हणून तत्त्व म्हणून मी जोबर्गकरांच्या बाजूचा. फक्त १०० च का, ७५ का नको, हे समजलं नाही.

जोबर्गकर
काका, स्कोप नळीच्या चार सेंमी वर बसलेला असतो, गोळी खालून येते आणि नजरेची रेषा दोनदा ओलांडते. .३७५ च्या या काडतुसाला ५० ला झीरो केला काय आणि १०० ला केला काय, जवळपास एकच सेटिंग येतं. ७५ ला केलात तरी फरक केसाएवढा. म्हणून १०० धरतो, शिवाय रेंजवर १०० चं टार्गेट सगळीकडे असतं.

नेमबाज_करवीर
दादा, मी कोल्हापूरची, ५० मीटर रायफलवाली. आमच्या जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला कांस्य आणलं तेव्हापासून आमच्या रेंजवर पोरांची रीघ आहे, तर थोडं हक्काने बोलते. तुम्ही सगळे झीरो कुठे ठेवायचा यावर भांडताय पण झीरो झालाय का हे कोणी विचारत नाहीये! मोठ्या रायफलीचा धक्का जबर असतो, माणूस बेंचवर बसून सहासात गोळ्या मारतो, आठवीला डोळा मिटतो आणि चाप हिसकतो, ग्रुप (कागदावरचा गोळ्यांचा पुंजका) खाली पसरतो आणि तो त्या पसरलेल्या ग्रुपवरून स्कोपचा नेम हलवणाऱ्या चकत्या फिरवत बसतो. मग जंगलात गंडतं. एका बैठकीत तीनतीनचे दोन ग्रुप, मध्ये नळी पूर्ण गार होऊ द्यायची, बाकीचं दुसऱ्या दिवशी. आणि सगळ्यात जास्त विश्वास गार नळीतून निघणाऱ्या पहिल्या गोळीवर ठेवायचा, कारण जनावरावर तीच जाणार आहे.

अजून एक, बरेच जण २५ मीटरला कागद लावतात, नेमकी बसली की "दुसऱ्यांदा १६० च्या आसपास येते" असं म्हणून घरी जातात. गणित खरं आहे, पण २५ ला एक सेंमीची चूक १५० ला सहा सेंमी होते. २५ फक्त कागदावर आणायला वापरा, खरा झीरो खऱ्या अंतरावरच.

वाळवंटी
@नेमबाज_करवीर ताई, १०० टक्के. मेहुण्याचं हेच झालं असणार. विमानातून रायफल आली, फार्मवर पोचल्यावर एकच गोळी मारली, ती बरी बसली, म्हणाला झालं.

एडमंटनकर
मी कॅनडातून. इथे .३७५ बरेच लोक अस्वलासाठी सोबत ठेवतात, स्कोपशिवाय, नुसती नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाचेची पत्ती. ती ५० ला लावतात, कारण अस्वल अंगावर आलं तर वीस पावलांवर येतं, दोनशेवर नाही. जुन्या इंग्रजी रायफलींवर घडीच्या पत्त्या असायच्या, एक जवळची कायम उभी, बाकीच्या लांबच्या पाडून ठेवलेल्या. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिरांनीही नेहमीची पत्ती जवळचीच ठेवली होती.

काडतुसाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. म्हशीला पहिली सॉफ्ट (आत जाऊन फुलणारी गोळी) आणि मागे सॉलिड (न फुलता खोल घुसणारी) भरता ना? मग दोन्ही एकाच जागी बसतात का ते कागदावर बघितलंय का? .३७५ चं नाव आहे की वेगवेगळ्या वजनाच्या गोळ्या जवळपास एकाच जागी बसवते, पण नावावर जाऊ नका. माझ्या रायफलीत २७० ग्रेनची ३०० च्या वर तीन बोटं बसते.

वाळवंटी
बरं, मी थोडा सरकतो. १५० ला झीरो का नको? ५० ला दोन सेंमी वर, १०० ला साडेतीन वर, २०० ला दहा खाली. म्हशीला चालेल, गेम्सबॉकलाही पाठीच्या रेषेच्या आतच नेम राहील. २०० चा हट्ट सोडतो, १०० वर मात्र येणार नाही.

जोबर्गकर
रविवारी रेंजवर जाऊन आलो. ताईंनी सांगितलं तसं तीन गोळ्या, चाळीस मिनिटं सावलीत रायफल उघडी ठेवली, परत तीन. खरंच २०० चा कागद लावला. हिशोबात सतरा खाली होती, कागदावर एकोणीस निघाली. दोन सेंमीने माझा अंदाज चुकला, कारण डब्यावरचा वेग माझ्या नळीतून निघत नसावा. सॉलिड सॉफ्टपेक्षा दोन सेंमी उजवीकडे, ते चालेल.

तर वाळवंटी, तुमच्या १५० वर विचार केला, प्रामाणिकपणे केला. फक्त माळरानावर जायचं असतं तर मानलं असतं. पण सप्टेंबरमध्ये परत झाडीतच जातोय, म्हशीसाठी, रायफल १०० वरच राहील. कुडू (पिळदार शिंगांचं मोठं हरीण) दिसला तर १५० पर्यंत मारेन, त्यापुढे असेल तर जवळ जायचा प्रयत्न करेन, नाही जमलं तर सोडून देईन. दस्त्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, "१५० – ६, २०० – मारू नको".

वाळवंटी
चिठ्ठी पावसात भिजेल, पारदर्शक टेप लावा वरून. आणि पोचल्यावर फार्मवर एक नाही, तीन मारा.

जोबर्गकर
टेप लावली. त्याच लॉटची चाळीस काडतुसं बाजूला काढून ठेवली आहेत, दहा फार्मवरच्या कागदासाठी.