मॉनिटरशिवाय बाळ घरी कसं न्यायचं? (३१ आठवडे, १३८० ग्रॅम)

चिमणी_बार्शी:
नमस्कार मंडळी. थोडं लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मला ३१ व्या आठवड्यात मुलगा झाला. चौथीच्या वर्गावर होते, पाढे म्हणून घेत होते आणि पाणी गेलं. बार्शीतल्या डॉक्टरांनी बाळाच्या फुप्फुसांसाठी म्हणून पहिलं इंजेक्शन दिलं आणि १०८ बोलावून थेट सोलापूरला पाठवलं. बारा-बारा तासांनी चार डोस द्यायचे होते. तीन झाले, चौथ्याची वाट न बघता साहेब बाहेर. डोहाळजेवणाची साडी आणली होती, तिचं ब्लाउज अजून शिंप्याकडेच आहे.

आता तीन आठवडे उलटून गेलेत. आधी नाकात सीपॅप, म्हणजे श्वासाला हवेचा दाब देणारं यंत्र होतं, ते निघालं. वजन १२६० पर्यंत उतरलं होतं, आता १६१० आहे. नळीनं दूध जायचं, आता पलाडीनं, म्हणजे चोचीच्या छोट्या वाटीनं घेतो, अंगावरही थोडंथोडं ओढायला लागलाय. श्वासासाठी कॅफिन चालू होतं ते आठवड्यापूर्वी बंद केलं, तेव्हापासून श्वास थांबल्याचा एकही प्रकार नाही. असंच वजन वाढलं तर दोन-चार दिवसांत घरी सोडू म्हणतात.

आणि इथंच माझं घोडं अडलंय. त्याच्या पायाला ती लाल दिव्याची पट्टी असते ना, तळपाय एवढा पातळ की उजेड वरच्या बाजूनं दिसतो. पट्टीला वायर, वायरीच्या टोकाला मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा. ९६, ९५, ९७. मी बाळाकडे कमी आणि आकड्याकडे जास्त बघते. पट्टी नुसती सरकली तरी ते बोंबलायला लागतं. सिस्टर येतात, पट्टी नीट करतात, जातात. मी मात्र पुढचा अर्धा तास लटलट कापत असते. इथं मामीकडे राहतेय, तिच्या फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो टुंटुं वाजतो, तेवढ्यानंही मी झोपेतून उठून बसते.

घरी तो आकडा नसणार. रात्री दोन वाजता बाळ श्वास घेतंय हे मला कळणार कसं? ह्यांनी मेडिकलमधून बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणून ठेवलाय, तो चालेल का? ऑनलाइन बाळाच्या मोज्यासारखं एक यंत्र दिसतं, किंमत बघून डोळे फिरले, पण उपयोग होणार असेल तर घेऊ. तिकडे सासूबाईंनी शेगडी, धुरी, गुटी सगळी तयारी करून ठेवलीय. बारशाची तारीखही काढून झालीय. त्यांना नातवाचं कौतुक आहे, मला त्यांच्याशी भांडायचं नाही, पण नाही म्हणायला माझ्याकडे कारण तरी हवं.

एवढं लहान बाळ ज्यांनी घरी नेलंय त्यांनी सांगा. "काळजी करू नकोस, सगळं छान होईल" हे सोडून काहीही चालेल.

केतकी_पुणे:
अगं, मी तर डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांना म्हटलं होतं, अजून एक दिवस ठेवा ना. माझी लेक २९ आठवड्यांची, ११०० ग्रॅमची. आता तिसरीत आहे आणि सकाळी उठवताना आमचा जीव जातो.

सरळ सांगते. पहिले काही दिवस आम्ही पाळ्या लावल्या. रात्री दोनपर्यंत नवरा, पुढे मी. मंद दिवा चालू. बघायचं काय, तर छाती नाही, पोट. ही बाळं पोटानं श्वास घेतात. एका लयीत घेतही नाहीत. भराभर चार-पाच घेतात, मग पाच-सात सेकंद गप्प, मग पुन्हा सुरू. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी किंचाळून नवऱ्याला उठवलं होतं. दुसऱ्या दिवशी फोनवर डॉक्टर म्हणाले, या वयात हे चालायचंच, मधली थांबण लांबली किंवा रंग बदलला तर निघा.

खरी सुटका झाली ती कांगारूमुळे. बाळ छातीवर उभं बांधलं की त्याचा श्वास आपल्याच कातडीला कळतो. आईची जुनी सुती साडी फाडून लांब पट्टी केली होती, विकतच्या पिशवीपेक्षा तीच बरी बसायची. मला अंघोळ-जेवणाला सुटका हवी असली की नवरा शर्ट काढून बसायचा. तुझ्याकडेही त्यांना शिकवून घे, तिथं असतानाच, सिस्टरसमोर. ऑक्सिमीटर कपाटात ठेवायला सांग, बाकी काम त्यांना हे दे.

कुसुमआजी:
चिमणी बाळा, आमच्या वेळी कुठलं मशीन आणि कुठला आकडा. माझा धाकटा १९७१ ला झाला, मालवणजवळच्या खेड्यात, सातवा सरता सरता. सुईणीनं हातात घेतला आणि माझ्या आईकडे बघून मान हलवली. आईनं काही न बोलता पिंजलेला कापूस काढला, त्यात डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळला आणि माझ्या पोटाशी दिला. कापसाच्या वातीनं दूध पिळत होतो तोंडात, मग बोंडल्यानं. दीड महिना मी खोलीबाहेर आले नाही. आज त्याला नातू आहे. सातमाशी जगतं, आठमाशी दगावतं म्हणतात, तुझा सातव्यातलाच आहे, तेव्हा घाबरू नकोस. गुटीचे दोन वळसे उगाळून द्यायला काही हरकत नाही, आमची सगळी त्यावरच वाढली.

सिस्टर_निवृत्त:
एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात बावीस वर्षं काढली, म्हणून लिहिते.

आधी यंत्राचं. बोटाचा ऑक्सिमीटर मोठ्या माणसांसाठी असतो. एवढ्याशा पायावर तो बसत नाही आणि दाखवला तर चुकीचा आकडा दाखवतो. ते मोजेही अशा बाळासाठी उपचाराचं साधन नाहीत, पैसे वाचवा. कॅफिन बंद करून काही दिवस तुम्हाला तिथंच ठेवलंय ते उगाच नाही. औषधाशिवाय श्वास थांबत नाही ना, हेच बघत होते. तुमचा आकडा त्यांनी तुमच्या वतीनं बघून ठेवलाय. सोडायच्या आदल्या दिवशी त्यांना सांगा, मॉनिटर काढून मला बाळ द्या, तुम्ही इथंच थांबा. आमच्याकडे आया असं मागायच्या आणि आम्ही द्यायचो.

घरी हात लावून बघायचं. पोट आणि तळपाय दोन्ही कोमट हवेत. पोट कोमट पण पाय गार, तर बाळाला थंडी लागलीय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार, तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. दूध घ्यायचं सोडलं, नेहमीपेक्षा मलूल पडलं, ओठ-जीभ निळी पडली, बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले, मिनिटाला साठच्या वर श्वास गेले किंवा ताप आला, तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही. श्वास थांबला वाटलं तर तळपायाला टिचकी मारायची किंवा पाठ चोळायची, हलवायचं-झुलवायचं नाही. त्यानंही सुरू झाला नाही तर काय करायचं, तेही निघण्यापूर्वी बाहुलीवर करून घ्या. पाळण्यात झोपवताना पाठीवरच.

कुसुमआजी, तुमच्या आईंना नमस्कार. कापूस आणि पोटाची ऊब, त्या बाईंनी बरोबर केलं होतं. १९७८ च्या सुमारास कोलंबियात, बोगोटाच्या रुग्णालयात इन्क्युबेटर कमी पडायला लागले म्हणून डॉक्टरांनी बाळं आयांच्या छातीवर द्यायला सुरुवात केली, तेच आजचं कांगारू. पुढे पाच देशांत मोठी चाचणी झाली, त्यात दिल्लीचं सफदरजंगही होतं. जन्मल्याबरोबर छातीशी दिलेल्या लहान बाळांचे मृत्यू सुमारे पाव हिश्श्यानं कमी झाले, २०२१ मध्ये ते छापून आलं. जागतिक आरोग्य संघटना आता दिवसातले ८ ते २४ तास म्हणते. तेव्हा चिमणीताई, तासभर करून पाळण्यात ठेवलं असं नको.

पण सातमाशी-आठमाशीचं खरं नाही, आजी. पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो, आठव्यातलं सातव्यातल्यापेक्षा जास्तच तगतं. गुटी अजिबात नको, पाणीही नको. एवढ्याशा आतड्याला जंतू लागला तर हाताबाहेर जातं. धुरी, शेगडीचा धूर नको, त्याची फुप्फुसं अजून तयार होतायत. सासूबाईंना सांगा, डॉक्टरांनी कार्डावर लिहून दिलंय. आणि खरंच लिहून घ्या. आमचे डॉक्टर मोठ्या अक्षरात लिहून द्यायचे, "बाहेरचं काही नाही", खाली सही-शिक्का. शिक्क्यापुढं सासवा बोलत नाहीत. बारसं दोन महिन्यांनी करा, नाव काही पळून जात नाही.

कुसुमआजी:
सिस्टर, तुम्ही शिकलेल्या. पण गुटीनं आमच्यात कुणाला काही झालं नाही एवढं मी सांगणारच. धुराचं पटलं. लाकडाच्या चुलीपाशी धाकटा फार खोकायचा.

बापू_लातूर:
बाप म्हणून दोन गोष्टी घालतो, कारण आम्हाला त्या कळायला उशीर होता होता राहिला.

डोळे. तुमचं बाळ दोन किलोच्या आतलं आणि ३४ आठवड्यांच्या आधीचं आहे, म्हणजे पडद्याची तपासणी लागणारच. अशा बाळांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात, त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर दृष्टी जाऊ शकते. वेळेत सापडलं तर लेझर वगैरे करता येतं. पहिली तपासणी महिना व्हायच्या आत. तुमचे तीन आठवडे होऊन गेलेत, म्हणजे आजच विचारा, घरी गेल्यावर बघू असं नाही. एकदा करून भागत नाही, दर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. डोळ्याची बाहुली मोठी करायला थेंब घालतात, तपासताना बाळ आकांत करतं, तुम्ही बाहेर थांबा, बाळाच्या बाबांना आत पाठवा. आमच्या मुलाच्या वेळी मी होतो, बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो.

दुसरं, वय. लसी जन्मतारखेनं, पण बसला का, रांगला का हे बाळंतपणाच्या मूळ ठरलेल्या तारखेनं धरायचं. दोन वर्षांचा होईपर्यंत शेजारणी विचारणार, "अजून बसत नाही?" तुम्ही दोन महिने वजा करून उत्तर द्या. सिव्हिलमध्ये लवकर निदान आणि उपचाराचं केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात, आम्ही तिथं वाढीची तपासणी करत होतो, पैसे लागले नाहीत.

चिमणी_बार्शी:
सगळ्यांचे आभार. डोळ्यांचं माझ्या डोक्यातच नव्हतं. बापूदादांचं वाचून लगेच खाली गेले. सिस्टरनी फाइल काढून दाखवली, त्याचं नाव यादीत आहे, डोळ्यांचे डॉक्टर गुरुवारी येतात. तोपर्यंत सोडणार नाहीत. मला कुणी सांगितलं नव्हतं की मीच ऐकलं नव्हतं, देव जाणे.

मॉनिटर काढून बाळ द्या, असं विचारलं. सिस्टर हसल्या, म्हणाल्या, कालच देणार होतो, तुम्हीच नको म्हणालात. मग दिलं. दुपारचे तीन तास होता छातीवर, पट्टी नाही, वायर नाही. मध्ये एकदा पाच-सहा सेकंद गप्प बसला, केतकी म्हणते तसा, आणि मग अशी जांभई दिली की सिस्टरच म्हणाल्या, शाळेतला आहे. ह्यांनाही उद्या शर्ट काढून बसायला बोलावलंय, कपाळाला आठ्या घालून हो म्हणालेत.

सासूबाईंना शिक्क्याचं फोनवर सांगितलं. गुटीवर गप्प बसल्या. धुरीवर म्हणाल्या, मग तुझ्या खोलीत नाही, बाहेर अंगणात घालते. चालेल ना सिस्टर? की अंगणातही नको?

सिस्टर_निवृत्त:
अंगणात घाला, दार-खिडकी लावून. आणि ते कपडे बदलून मगच बाळाजवळ.