गोठ्यातली राजदूत ३५० घेऊ का नागपूरची चकाचक? भाव कसा लावायचा?

तूरवाला_मंगरूळपीर
राम राम मंडळी. आमच्या गावच्या डॉक्टरकडं राजदूत ३५० मोटरसायकल होती, दोन सिलेंडरची, आरडी म्हणतात ती. ते व्हिजिटला निघाले का आम्ही शाळेत बसल्या बसल्या आवाजावरून सांगत होतो कोणत्या रस्त्यानं चालले. डॉक्टर वारले त्याला सात वर्षं झाली, गाडी त्याच्याही आधीपासून गोठ्यात कुटाराच्या पोत्यांमागं उभी आहे. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणे दीड लाख दे अन् घेऊन जा. काल पाहून आलो. कलर जुनाच, कुठं कुठं उडालेला, सीट फाटली, एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं कापूस नेऊन घर केलं. किक दगडासारखी, खाली जातच नाही. पण दोन्ही सायलेन्सर गाडीचेच आहेत, मीटरही. आरसी बुक आहे, जुनं पुस्तकवालं, एम पासून सुरू होणारा तीन अक्षरी नंबर.
दुसरी नागपूरला एका डीलरकडं पाहिली. तीन लाख वीस हजार. क्रोम असा का तोंड दिसते, पुढं डिस्क ब्रेक, एका किकात चालू. तो म्हणतो व्हिंटेज आहे, भाव वाढतच जाईन, कागदाचं पाहून घेऊ.
तुरीचे पैसे धरून माझ्याकडं सव्वादोन जमतात, बाकी भाऊ द्यायला तयार आहे. नफ्यासाठी नाही घ्यायची, घरी ठेवायची अन् पोळ्या-दिवाळीला काढायची. कोणती घेऊ, अन् डॉक्टरच्या गाडीचे खरे किती द्यावे?

दोनसिलेंडर_वर्धा
भाऊ आधी ते व्हिंटेज डोक्यातून काढा. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये नियम केला त्यात ५० वर्षं झाल्याशिवाय गाडी व्हिंटेज धरत नाहीत, अन् ती पण मूळ अवस्थेत पाहिजे. ही गाडी एस्कॉर्ट्सनं फरिदाबादला १९८३ पासून बनवली, म्हणजे अगदी पहिल्या सालची असली तरी २०३३ च्या आधी त्यात बसत नाही. आणि बसली तरी व्हिंटेज नंबरवर रोज फिरवता येत नाही. त्या शब्दाचे पैसे देऊ नका.
दुसरं डिस्क ब्रेक. आपल्याकडच्या ३५० ला कंपनीनं पुढं ड्रमच दिला होता, जिच्यावरून ही काढली त्या जपानच्या यामाहा आरडीला डिस्क होती. थांबायला डिस्क चांगली हे मान्य, पण जुन्या गाड्या जमवणारा माणूस कंपनीनं जशी दिली तशी मागतो. जुना ड्रम, त्याचं चाक, खालचा फोर्क हे त्या डीलरकडं पडून आहे का विचारा. नसेल तर तिथंच भाव खाली आला. क्रोम नवा होतो, कलर नवा होतो, उडालेला मूळ कलर एकदा घासून टाकला का परत कोणीच आणून देत नाही. मी तर गोठ्यातल्या गाडीवर फडकंसुद्धा जोरात मारलं नसतं.
एचटी (हाय टॉर्क) आहे का एलटी (लो टॉर्क) ते पण विचारा. आधीच्या एचटी, ३०.५ हॉर्सपॉवरच्या, नंतर मायलेजसाठी एलटी काढली ती २७ ची. एचटीला जास्त भाव मिळतो, त्यामुळं प्रत्येक विकणारा एचटीच सांगतो. बॅरलचं (सिलेंडरचं) एक्झॉस्टचं, म्हणजे धूर निघायचं तोंड पाहिल्याशिवाय मानू नका, एलटीचं अरुंद असते.

मिस्त्री_कारंजा
बेटा पहिले ऐक, त्या गाडीले आता कोणी किक मारू नका. लोकं येतात अन् जोर लावून पाह्यतात, त्यानं रिंगा तुटतात, बॅरल खरवडते. दोन्ही प्लग खोल, दोन्ही भोकात थोडं डिझल अन् इंजिन ऑइल सोड, आठ दिवस राहू दे. मंग टॉप गेरात टाकून मागचं चाक हातानं मागं-पुढं हालव, हळू. चाकाच्या जोरानं पिस्टन आरामात सुटते.
पिस्टन सुटला म्हंजे इंजिन चांगलं असं नाही. टू-स्ट्रोकमंधी खाली ऑइल भरलेलं नसते, जे काही पेट्रोलासंगं येते तेवढंच, त्यामुळं उभ्या गाडीचे क्रॅंकचे, म्हंजे पिस्टन ज्या दांड्याले फिरवते त्याचे बेरिंग गंजतात. या गाडीचा क्रॅंक दाबून बसवलेला हाय, चार बेरिंग, मधात सील. तो प्रेसवर खोला लागते, नवे बेरिंग टाकून मापाची डायल लावून ट्रू, म्हंजे सरळ, करा लागते. हे ज्याले येते ते मानसं बोटावर मोजण्याएवढे हायेत. मी सोता नाही करत, बाहेर पाठवतो. मागच्या साली एका गिऱ्हाइकाचं क्रॅंक, दोन पिस्टन, बोअर, सील, क्लच मिळून ८५ हजार लागले. तू गोठ्यातल्या गाडीचा भाव करतानी हे सारं लागनारच असं धरून चाल.
नागपूरची एका किकात चालू होते म्हनतो तर दहा मिंट चालू ठेव. आपोआप रेस वाढत गेली अन् लवकर खाली नाही बसली तर कुठून तरी हवा घेते, बहुतेक क्रॅंकचं सील. पांढरा धूर जास्त अन् गेर ऑइल कमी होत असन तर क्लचकडचं सील गेलं. पेट्रोलासंगं ऑइल सोडनारा ऑइल पंप जागेवर हाय का काढून टाकला तेही पाय. अन् साइड कव्हरच्या स्क्रूचे तोंडं पाय रे बापा. चौफुल्या चिंबल्या असन तर लय हात लागले. कोऱ्या असन तर कंपनीनंतर कोणी खोललं नाही.

पुलगावकर
मी कागदावर बोलतो कारण मी त्यात बुडालो. २०१८ ला अशीच एक घेतली, 'कागद येऊन जातील' हेच शब्द. घरी आणून इंजिन नंबरवरचा काळा रंग रॉकेलनं पुसला तर खाली दोन आकडे घासून परत ठोकलेले, उरलेल्यांपेक्षा तिरपे. विकणाऱ्यानं फोन उचलणं बंद केलं. गाडी आजही माझ्या घरी ताडपत्रीखाली आहे, रस्त्यावर काढता येत नाही, विकायची तर दुसऱ्याला फसवावं लागेल आणि ते मी करणार नाही. एक लाख चाळीस हजार गेले, कापसाचे होते. बायकोला अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.
म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, आरसी नसलेली आरडी म्हणजे सुटे पार्ट, त्या भावानं घ्या नाहीतर सोडा. डॉक्टरांच्या गाडीचं पुस्तक आहे हीच तिची मोठी किंमत. पण नीट ऐका, डॉक्टर गेले तर मुलगा नुसती सही करून गाडी विकू शकत नाही. आधी मृत्यूचा दाखला, बाकी वारसांची संमती आणि फॉर्म ३१ भरून गाडी त्याच्या नावावर व्हावी लागते, मग फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या नावावर. १५ वर्षांची नोंदणी कधीच संपली असणार, तिचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, त्यात गाडी चालू करून दाखवावी लागते, वरून पर्यावरण कर आणि उशिराचा दंड. आणि वाशीम जिल्हाच १९९८ ला अकोल्यातून निघाला, त्यामुळं तुमच्या एमएच ३७ च्या ऑफिसात हा जुना नंबर सापडेलच असं नाही. पुस्तकावरचा शिक्का कोणत्या ऑफिसचा ते वाचा आणि तिथं जाऊन जुन्या रजिस्टरला नोंद आहे का आणि ती ऑनलाइन चढवून देतील का हे पैसे देण्याआधी विचारा.

तूरवाला_मंगरूळपीर
सगळ्यांचे आभार, मिस्त्री काकांचे जास्त. नागपूरवाल्याला आरसीचा फोटो मागितला, तो म्हणे आधी टोकन टाका. ती सोडली.
डॉक्टरकडं जाऊन दोन्ही नंबर पुसले. चेसिस, इंजिन, दोन्ही पुस्तकाशी जुळतात, ठोक एकसारखा. साइड कव्हरच्या स्क्रूत मळ बसलेला होता, सुईनं काढला तर चौफुल्या कोऱ्या. ऑइल पंप आहे. डिझल-ऑइल सोडून आठ नाही, अकरा दिवस ठेवलं, काल चाक हालवलं तर आधी काहीच नाही, मग कट्ट आवाज झाला अन् चार बोटं फिरलं. डॉक्टरच्या घरच्या काकू दारात उभ्या होत्या, त्यांनी डोळ्याला पदर लावला. मलाही राहवलं नाही.
पुस्तकावर शिक्का अकोल्याचा, रजिस्टरला नोंद सापडली. मुलाला आता आकडा काय सांगू?

मिस्त्री_कारंजा
चालू, कागदवाली, सारी मूळची अशी गाडी आपल्या भागात मी दोन-सव्वादोनले जातानी पायली. त्यातून ८५ इंजिनाचे काढ, टायर, वायरिंग, केबला, टाकीच्या आतला गंज याचे २० काढ. कागदाच्या चकरा अलग. एक लाख ते एक लाख दहा, त्याच्या वर जाऊ नको. हिशोब त्याले लिहूनच दाखव, डॉक्टरचा पोरगा हाय, समजून घेईन.

दोनसिलेंडर_वर्धा
सहमत. फक्त घासाघीस करताना गाडीला नावं ठेवू नका, बापाची गाडी आहे त्याची.

तूरवाला_मंगरूळपीर
झालं. एक लाख पाच हजार. आता दहा हजार विसार, फॉर्म ३१ होऊन गाडी त्याच्या नावावर आली का बाकीचे. काकूंनी एक अट घातली, पहिल्यांदा चालू झाली का त्यांच्या दारावरून न्यायची. रविवारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कारंजाला आणतो काका, चालेल ना?

मिस्त्री_कारंजा
आन. टाकी अन् साइड पॅनल पहिले काढून गोधडीत गुंडाळ, ट्रॉलीत घासली का कलर गेला. गाडी कुटाराच्या पोत्यावर उभी कर अन् दोरी हँडलले नको, खालच्या फोर्कले बांध. एअर फिल्टरच्या डब्यातला कापूस तसाच राहू दे, मी काढतो, एक बोळा आत गेला तर रीडमंधी, म्हंजे इंजिनात हवा-पेट्रोल घेनाऱ्या पातळ पट्टीच्या झडपेत, अडकन.