गुंतीनोची गाठ

सोमाली बायकांच्या गुंतीनो या गुंडाळायच्या पोशाखाला कुणी साडीची नक्कल म्हणतं. साम्य आहे, पण गुंतीनो खांद्यावरच्या गाठीवर तोलला जातो. निऱ्यांचा मामला नाही. आणि सोमालियात कापड नेहमी बाहेरूनच आलं, असंही नाही. १३३१ मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता तिथल्या मोगादिशू बंदरात उतरला, तेव्हा तिथलं कापड इजिप्तला जात होतं. गंमत म्हणजे, त्याला मिळालेल्या पोशाखात कमरेला गुंडाळायचं रेशमी वस्त्र होतं, पण अंगरखा इजिप्शियन आणि झगा जेरुसलेमच्या कापडाचा! मागांना खरा फटका १९व्या शतकात बसला, तो अमेरिकन गिरण्यांच्या 'मेरिकानी' मांजरपाटाचा. हातमाग त्याच्या भावाला पुरा पडेना. तरी मोगादिशूच्या आसपासच्या बनादिर किनाऱ्यावर अलिंदी हे रंगीत पट्ट्यांचं कापड विणलं जात राहिलं. पुरुषांची मआविस मात्र सरळसरळ लुंगीच्या गोत्रातली.