चित्राखालच्या पाटीवर कलाकाराचा आजार लिहावा का?

रानजाई (धागाकर्ती)

दीर्घ आजार असलेल्या चित्रकारांच्या एका सामूहिक प्रदर्शनात नुकतीच माझी जलरंगातली चित्रं लागली होती. मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे. आयोजकांचा हेतू चांगलाच होता. पण प्रत्येक पाटीवर आधी नाव, मग आजार, तो किती वर्षांचा, आणि सगळ्यात शेवटी चित्राचं शीर्षक. माध्यमाचा उल्लेखच नाही. लोक पाटी वाचत, हळहळत, चित्रावर एक नजर टाकून पुढे सरकत. गोदाघाटाच्या चित्रात मी पायऱ्या रंगवलेल्याच नाहीत, कोरा कागद तसाच राखलाय आणि भोवतीच्या ओल्या रंगातून त्या दिसतात. त्याबद्दल कुणी विचारलं नाही. ‘या हातांनी काढलंत?’ हे मात्र बहुतेकांनी विचारलं.

माझं म्हणणं असं : चित्र कसं झालं ते पाटीवर जरूर लिहा. शरीराला काय झालंय ते चित्रकाराने स्वतःहून सांगितलं तरच लिहा. आजाराने माझं काम बदललंय हे खरंच आहे. सकाळी बोटं उघडत नाहीत, म्हणून मी दुपारनंतर बसते. ब्रशच्या दांड्यावर स्पंजची नळी चढवून तो जाड केलाय. फटकारा मनगटातून नाही, खांद्यातून येतो. बारीक काम गेलं, मोठे वॉश (पातळ रंगाचे पसरट थर) आले. बघणाऱ्याला याचा उपयोग आहे. निदानाच्या नावाचा काय उपयोग?

स्वतः आजारी असलेल्यांनी किंवा घरात कुणी आजारी असलेल्यांनी आवर्जून लिहावं.

पाणकळा

ताई, पूर्ण असहमत.

माझी धाकटी बहीण आठवड्यातून तीनदा डायलिसिसवर असते. फिस्टुला (सुया टोचण्यासाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) शक्यतो ज्या हाताने आपण लिहीत नाही त्या हातात करतात, त्यामुळे सुया एका हातात आणि दुसरा हात मोकळा. त्या मोकळ्या हाताने ती बॉलपेनने वॉर्ड काढते : नळ्या, शेजारच्या काकांची पावलं, उशाशी ठेवलेला डबा. शेवटच्या तासाला बीपी उतरतं, पायात गोळे येतात, रेघ डळमळते. ती डळमळीत रेघ कुठून आली हे पाटीवर नसेल तर बघणारा म्हणेल, हिला चित्रकला येत नाही.

दुसरं, पैशाचं. तिची चित्रं आजार वाचूनच विकली गेली, हे मी मान्य करतो. त्या पैशातून इंजेक्शनं आली. दयेने दिलेली नोट औषधाच्या दुकानात कमी किमतीला चालत नाही. ‘दया नको’ म्हणणं ज्याला परवडतं त्याने म्हणावं.

आणि तिसरं. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो, तिचा मणक्यासाठीचा प्लॅस्टरचा पट्टा, १९५३ साली तिला खाटेसकट तिच्या प्रदर्शनात आणलं होतं, हे सगळं बहिणीने वाचलं नसतं तर तिने पेन उचललंच नसतं. आमच्या घरात तिला सगळे ‘पडून राहा’ एवढंच सांगत होते. मीसुद्धा.

खडूवाले सर

पाणकळा, काहलोचं उदाहरण रानजाईंच्याच बाजूने जातं. तिने आपला मणका, आपले पट्टे स्वतः कॅनव्हासवर आणले. दुसऱ्या कुणी खाली चिठ्ठी चिकटवलेली नाही.

मी चित्रकला शिकवतो. आजाराच्या गोष्टी पाट्यांवर गेल्या की त्या फुगतात, ही माझी खरी तक्रार आहे. फ्रेंच चित्रकार रन्वारचं घ्या. त्यालाही रानजाईंचाच आजार. ‘तो ब्रश हाताला बांधून रंगवायचा’ हे मुलं मला दरवर्षी सांगतात. १९१५ साली चित्रित केलेली त्याची एक छोटी फीत आहे, तीत तो रंगवताना दिसतो. बोटं तळहाताकडे वळून घट्ट झालेली, आणि ब्रश त्या बोटांत दुसरं कुणीतरी ठेवून देतं. हाताला पट्ट्या होत्या त्या कातडी सोलवटू नये म्हणून. मोठ्या चित्रासाठी कॅनव्हास दोन रुळांवर गुंडाळलेला असायचा, तो फिरवून हवा तो भाग हातासमोर आणायचा. हे तपशील ‘बांधलेल्या ब्रश’पेक्षा किती मोलाचे आहेत! माणूस आपलं काम सोडायला तयार नाही आणि त्यासाठी अवजारं बदलतोय, हे त्यातून दिसतं. बांधलेल्या ब्रशच्या गोष्टीतून नुसती कणव दिसते.

चित्रकार पॉल क्लेचं उदाहरण आणखी अवघड. १९३३ मध्ये नाझींनी त्याला ड्युसेलडॉर्फच्या अकादमीतून काढलं, तो बर्नला परतला, १९३५ मध्ये आजारी पडला. १९३६ साली त्याच्या हातून जेमतेम पंचवीसेक कामं झाली, आणि १९३९ मध्ये बाराशेहून जास्त. १९४० मध्ये गेला. त्या शेवटच्या वर्षांतल्या जाड काळ्या रेघा लोक सरळ ‘स्क्लेरोडर्मामुळे’ (कातडी कडक होत जाण्याचा आजार) म्हणून मोकळे होतात. ते निदान त्याच्या मृत्यूनंतर मांडलेलं आहे. आणि नोकरी गेली, देश सुटला, युद्ध दाराशी आलं, यांचा त्या रेघांशी काहीच संबंध नाही? पाटीवर एक आजार लिहिला की बाकी सगळी कारणं पुसली जातात.

पाणकळा

सर, रुळांवरचा कॅनव्हास सांगायचा आणि रुळ का लागले ते सांगायचं नाही, हे कसं जमणार? लोक विचारणारच.

आणि माझ्या पैशाच्या मुद्द्याला कुणी हात लावलेला नाही.

उंबरठा

मी त्या प्रकारच्या एका प्रदर्शनाचा अर्ज भरायला घेतला आणि सोडून दिला. आजाराचा रकाना सक्तीचा होता. मला बायपोलर हा मनोविकार आहे. संधिवात लिहिला तर लोक हळहळतात. माझं लिहिलं तर घरमालक आणि ऑफिस दोन्हीकडे परिणाम होतात. जपानी चित्रकार यायोई कुसामा १९७७ पासून स्वतःच्या मर्जीने टोकियोच्या मनोरुग्णालयात राहते आणि ते उघड सांगते, मला तिचा आदर वाटतो. पण ती सांगते. तिच्याकडून कुणी वदवून घेत नाही. त्यामुळे रानजाईंशी सहमत, आणि माझ्यासारख्यांसाठी हा मताचा नाही, सुरक्षेचा प्रश्न आहे.

ठिपक्यांची माळ

थोडा वेगळा मुद्दा. माझ्या आईला पार्किन्सन्स आहे. अक्षर आधी बारीक झालं, मग वाचता येईना. रांगोळी मात्र ती सोडत नाही. गोळीचा असर असतो त्या वेळेत बसते. ठिपके मी घालते, कारण ओळ सरळ राखणं तिला जमत नाही. रेषा ती ओढते, कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा हे तीच ठरवते, आणि मी चुकीच्या ठिकाणी ठिपका दिला तर पुसायला लावते. सोसायटीच्या स्पर्धेत ‘हे एकटीचं काम नाही’ म्हणून तिची रांगोळी बाद केली. मला त्याचा अजून राग आहे.

तर पाटीवर आजारापेक्षा मदतीचा हात कुणाचा ते लिहा, असं मला वाटतं. फ्रेंच चित्रकार मातिसचं १९४१ साली कर्करोगाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्याने कागद कापून चित्रं केली. कागदाला गॉश (अपारदर्शक जलरंग) लावायला मदतनीस, भिंतीवर तुकडे टाचायला मदतनीस. कात्री त्याची, ‘जरा वर, जरा डावीकडे’ त्याचं. ते काम मातिसचंच आहे याबद्दल कुणाला शंका नाही. मग माझ्या आईच्या बाबतीत का असावी?

खडूवाले सर

ठिपक्यांची माळ, हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. रन्वारने उतारवयात शिल्पं केली, म्हणजे रिशार गिनो नावाच्या तरुण शिल्पकाराने त्याच्या चित्रांवरून आणि सूचनांवरून ती मातीत घडवली. शिल्पं रन्वारच्या नावावर गेली. गिनोला सहकर्ता म्हणून कायद्याने मान्यता मिळाली ती फ्रान्सच्या न्यायालयात, १९७३ साली, रन्वार जाऊन पन्नासहून जास्त वर्षं झाल्यावर. ‘आजारावर मात’ ही गोष्ट एकट्या नायकाची असावी लागते, तिच्यात मदतनिसाला जागा नसते.

पण आईंच्या रांगोळीत आणि गिनोच्या शिल्पात फरक आहे. आकार कुणाच्या बोटांतून आला, हा माझा निकष. आई रेषा ओढतात. गिनोच्या बाबतीत माती गिनोच्या हातात होती.

ठिपक्यांची माळ

हा निकष मला पटत नाही, सर. उद्या आईला रेषाही जमली नाही आणि ती नुसती सांगू लागली, तर त्या दिवसापासून रांगोळी माझी झाली का? मला तर ठिपके घालण्यापलीकडे काही सुचत नाही.

रेघोटी

इतकी चर्चा कशाला? आजारी लोकांची वेगळी प्रदर्शनंच नकोत. चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींना जन्मापासून एका डोळ्याने दिसत नव्हतं, दुसराही अधू. तशा नजरेने त्यांनी १९४६-४७ मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र केलं. पुढे शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पूर्ण गेली, तरी कागदाची कातरकामं केली, शांतिनिकेतनच्या कलाभवनात, म्हणजे तिथल्या कलाशाळेत, टाइल्सचं म्यूरल (भित्तिचित्र) केलं. त्यांचेच विद्यार्थी सत्यजित राय यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. त्यांना कुणी अंधांच्या दालनात टांगत नाही. भारतीय भित्तिचित्रांच्या इतिहासात त्यांची जागा आहे.

रानजाई

रेघोटी, बिनोदबाबूंच्या पाठीशी कलाभवन होतं. तिथेच शिकले, तिथेच शिकवलं. मला नेहमीच्या प्रदर्शनात जागा मिळते, पण चित्रं अमुक तारखेला, फ्रेम करून, स्वतः आणून द्यायची असतात. त्या आठवड्यात सांधे सुजले तर संपलं. या प्रदर्शनात तारीख सैल होती, माणूस घरी येऊन चित्रं घेऊन गेला, हॉलमध्ये बसायला खुर्च्या होत्या. मला वेगळं दालन त्यासाठी हवं आहे. हीच सोय सगळीकडे झाली तर वेगळ्या दालनाची गरज नाही.

पाणकळा, पैशाबद्दल. तुमच्या बहिणीला आजार लिहायचा असेल तर लिहावाच, मी कोण अडवणार? वॉर्डचं चित्र वॉर्डमध्येच काढलंय हे तर चित्राचंच अंग आहे. माझा आक्षेप सक्तीला आणि क्रमाला आहे. पण दयेचं गिऱ्हाईक पहिलं चित्र घेतं, दुसरं घ्यायला परत येत नाही. माझ्याकडे दोनदा आलेले सगळे पायऱ्यांसाठी आले, बोटांसाठी नाही. औषध आयुष्यभर चालणार असेल तर मला परत येणारं गिऱ्हाईक हवं.

आयोजकांना मी लिहितेय : अर्जातला आजाराचा रकाना ऐच्छिक करा, पाटीवर शीर्षक आणि माध्यम वर घ्या, ‘साहाय्य’ असा एक रकाना वाढवा आणि तिथे नाव छापा.

पाणकळा

बहिणीला धागा वाचून दाखवला. ती म्हणते, आजार लिहायचा, तोही शीर्षकाच्या वर. रानजाईताईंचं त्यांच्यापाशी, माझं माझ्यापाशी. ‘साहाय्य’च्या रकान्यात तिला डायलिसिसच्या टेक्निशियनचं नाव हवंय, कारण सुई टोचताना तो तिचा चित्राचा हात कुठे टेकेल ते आधी बघतो.