मदत हवी आहे: मे महिन्यातलं लग्न, आईच्या पापण्या आणि ३४९ रुपयांची पॅलेट

नमस्कार मैत्रिणींनो. धाकट्या बहिणीचं लग्न नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या चार दिवस आधी आहे, इथेच नागपुरात. हॉलला एसी नाही, मोठे कूलर आहेत. मुहूर्त सकाळी ११:४०चा आणि पाठवणी संध्याकाळी पाचला.

आई ५८ वर्षांची आहे. आजवर पावडर, कुंकू आणि सणावाराला काजळ, याच्यापुढे ती कधी गेली नाही. परवा स्वतःहून म्हणाली, "माझ्याही डोळ्यांना थोडं काही लाव नं, फक्त भडक नको." तिने आपल्यासाठी काही मागितलं याचं मला इतकं बरं वाटलं, की हे नीट जमवायचंच आहे. पार्लरवालीसमोर बसायला ती तयार नाही, म्हणून मीच करणार.

ती आजीची करवत काठी साडी नेसणार आहे. टसरचा तो मधाळ रंग आणि मरून काठ. त्याला साजेल म्हणून बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) उबदार छटांची, नऊ खणांची आयशॅडो पॅलेट, म्हणजे पापण्यांना लावायच्या रंगांची डबी आणली. मॅटमध्ये (न चमकणाऱ्यांत) बिस्किटी, पीच, विटकरी, तांबूस तपकिरी, मोहरी आणि कॉफी. शिमरमध्ये (चमकदारांत) तांबं, ब्रॉन्झ, शॅम्पेन.

रविवारी करून पाहिलं. माझ्या मनगटावर विटकरी रंग फार सुरेख उतरला. आईच्या पापणीवर मात्र पीच लावला तर राख फासल्यासारखा दिसला. ती गहूवर्णी आहे, पापण्या जरा काळसर. डाव्या डोळ्याला नुसती पॅलेट लावली होती, उजव्याला आधी कन्सीलर (डाग झाकणारं त्वचेच्या रंगाचं क्रीम). डाव्या पापणीच्या घडीत चाळीस मिनिटांत रंगाची रेघ जमली, उजवीकडे दोन तासांनी. शिमर ब्रशने लावताना निम्मा गालावर सांडला.

पॅलेटच वाईट आहे की माझी पद्धत चुकते आहे? आणि साडेअकरा ते पाच टिकवायचं कसं? होमाचा धूर असेल, पाठवणीला ती रडणारच आहे.

गेरू_आणि_रांगोळी:
पॅलेट वाईट नाही, पीच रंग आईंसाठी नाही. फिकट मॅट रंगांत टाल्क आणि टायटॅनियम डायऑक्साइड यांचा पांढरेपणा जास्त असतो. काळसर पापणीवर तोच राखट दिसतो. विटकरी आणि मोहरी हे रंग सहसा लोहाच्या ऑक्साइडचे असतात, आपल्या अंगणातल्या गेरूसारखे, म्हणून ते आपल्या कातडीवर उठून येतात. पापणीवर आधी नारिंगी करेक्टर अगदी पुसट लाव, काळसरपणा झाकला जाईल. मग विटकरी आणि कडेला कॉफी, बस. आणि ताई, ट्यूबलाइटखाली ठरवू नका. खिडकीशी बसवून बघा, रंग वेगळाच दिसतो.

धरमपेठची_मावशी:
मी पन्नाशी ओलांडलेल्या बायकांचा मेकअप बरेचदा करते, म्हणून सांगते. रेघ जमते ती पापणीच्या तेलामुळे आणि जाड थरामुळे. आधी पापणी टिश्यूने टिपा. कन्सीलर तांदळाच्या दाण्याएवढंच, बोटाने थापून पसरवा आणि लगेच वरून बिस्किटी रंग. प्राइमर (रंग धरून ठेवणारा आधीचा थर) मिळाला तर आणखी चांगलं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रंग लावताना आईंना डोळे उघडे ठेवून समोर बघायला सांगा. या वयात वरची कातडी घडीवर उतरते. डोळे मिटून घडीत लावलेला रंग उघडल्यावर दिसतच नाही, म्हणून विटकरी घडीच्या किंचित वर हवा. शिमर सगळ्या पापणीवर लावला तर बारीक सुरकुत्या चमकतात. ब्रॉन्झ अनामिकेने दाबून फक्त मध्यभागी लावा, सांडणार नाही.

आई चष्मा लावतात का? प्लस नंबर असेल तर काचेतून डोळा मोठा दिसतो, कडा नीट मिसळाव्या लागतील.

इतवारीकर:
दोन गोष्टी माझ्याही. पॅलेटच्या मागे बॅच नंबर, उत्पादकाचा पत्ता आणि मुदत छापलेली आहे ना ते बघून घ्या. बर्डीवर हुबेहूब डब्यांचे नकली मालही असतात आणि हा डोळ्यांचा मामला आहे. आईंच्या कोपराच्या आतल्या बाजूला रंग लावून एक दिवस थांबा, खाज किंवा लाली आली तर वापरू नका.

दुसरं, कूलरच्या झोतासमोर मेकअप करू नका. दमट हवेत पावडर ब्रशला चिकटते आणि डाग पडतात. खोलीत पंख्याखाली करा. पाठवणीला आईंच्या हातात घडी केलेला सुती रुमाल द्या. डोळे चोळायचे नाहीत, खालून टिपायचे. काजळ खालच्या पापणीला नको, वरच्या कडेला वॉटरप्रूफ लावा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. कोपराची चाचणी झाली, काही त्रास नाही. चष्मा प्लसचाच आहे, मावशींनी बरोबर ओळखलं. काल खिडकीशी बसून पुन्हा केलं: टिपणं, नारिंगी करेक्टर, त्यावर दाण्याएवढं कन्सीलर, बिस्किटी, मग घडीच्या वर विटकरी. पीचला हातही लावला नाही. चार तास जेवण, भांडी, दुपारची झोप, सगळं झालं आणि डाव्या डोळ्यात केसाएवढी रेघ, उजव्यात काहीच नाही. ब्रॉन्झ बोटाने लावला तेव्हा आईने आरसा स्वतःकडे ओढला, करवत काठीचा पदर गालाशी धरला आणि म्हणाली, "हेच कर."

एकच शंका उरली. पाच वाजेपर्यंत तेल सुटलं तर वरून पुन्हा पावडर लावू की नुसतं टिपू?

धरमपेठची_मावशी:
नुसतं टिपा. वरून पावडर घातली की थर जाड होतो आणि रेघ परत येते. टिपून झाल्यावर बोटाला उरलेला विटकरी रंग हलकेच फिरवला तर पुरे.