भाडं बेतानं वाढवणाऱ्या इमारती शोधायच्या कशा?

प्रश्न: यंदाही मालकानं भाडं सणसणीत वाढवलं. सामान बांधून बांधून जीव मेटाकुटीला आलाय. बेतानं वाढवणारी इमारत आधीच ओळखता येते का?

उत्तर: लिफ्टमध्ये भेटतील त्या भाडेकरूंना विचारा, 'करार वाढवताना किती वाढवलं?' एजंट हे सांगणार नाही. माणसं वर्षानुवर्षं टिकलेली दिसली तर चांगलं लक्षण.

उत्तर: 'पहिला महिना फुकट'ला भुलू नका! वाढ पूर्ण भाड्यावर लागते. वर्षभराच्या करारात ११ महिन्यांचं भाडं भरलंत, पुढच्या वर्षी ५ टक्के वाढ झाली आणि सवलत गेली, की वर्षाचा खर्च साडेचौदा टक्क्यांनी वाढतो. गणित करून बघा.

उत्तर: वाढीचा टक्का करारातच लिहून घ्या. 'बघू पुढच्या वर्षी' म्हणणाऱ्या मालकाकडे मी तरी राहणार नाही, घर कितीही हवेशीर असो.